संत-सिपाही, पण फ्रेममध्ये माणूसच नाही : गुरू गोबिंदसिंगजींच्या वाटेवरचे लँडस्केप

उनाडवाट (धागाकर्ता)

मंडळी, एक फोटो-मालिका जुळवतोय, त्यावर मोकळेपणी चर्चा व्हावी म्हणून हा धागा. विषय गुरू गोबिंदसिंगजी, खरं तर त्यांची श्रद्धा. अट एकच घातलीय की फोटोत त्यांचं चित्र नाही, घोडा नाही, बाज (ससाणा) नाही, तलवार नाही, निळ्या फेट्यातले निहंग योद्धे नाहीत, गुरुद्वाऱ्याचा घुमटसुद्धा नाही. नुसती जमीन, पाणी, झाडं, आभाळ. आनंदपूर साहिब सोडल्यापासून नांदेडपर्यंतची वाट.

अट उगाच हौस म्हणून नाही. एक तर गुरूंची भूमिका एखाद्या नटाने करणं शीख परंपरेला मान्य नाही, त्यावरून मोठाले वाद झालेत. आपल्या डोळ्यासमोर येणारं रूप बरंचसं शोभा सिंगांसारख्या विसाव्या शतकातल्या चित्रकारांनी दिलेलं. दुसरं म्हणजे जाप साहिब या त्यांच्याच रचनेची सुरुवातच अशी आहे की त्याला चिन्ह नाही, वर्ण नाही, जात नाही, रूप-रंग-रेषा काही नाही, तो अमुक असा म्हणून कुणी सांगूच शकत नाही. आता ज्याची श्रद्धा अशा निराकारावर, त्याच्या श्रद्धेचा फोटो म्हणून आपण ढगातून उतरणारी सोनेरी किरणं आणि टेकडीवर घोडेस्वाराचं सिल्हूट लावलं तर ते कॅलेंडर झालं. अशी कॅलेंडरं ढिगाने आहेत आधीच.

मग करायचं काय, तर मला सुचलेलं असं की जे घडलं ते दाखवायचंच नाही, ते घडून गेल्यावर माणूस कशाच्या जोरावर पुढं चालत राहिला ते दाखवायचं. डिसेंबर १७०४ (काही अभ्यासक १७०५ धरतात), वेढा पडलेलं आनंदपूर सोडलं, सरसा नदीला पूर, त्यात कुटुंब तुटलं, हस्तलिखितं वाहून गेली. मग चमकौरची कच्ची गढी, तिथं अजितसिंग आणि जुझारसिंग हे थोरले दोघे मुलगे लढताना गेले. धाकट्या जोरावरसिंग आणि फतेहसिंगांना सरहिंदला तिथला मुघल अधिकारी वजीर खान याने भिंतीत चिणलं, आजी माता गुजरींनी तिथल्याच थंड्या बुरुजात प्राण सोडले. हे सगळं मोजक्या दिवसांत. आणि त्यानंतर हा माणूस माछीवाड्याच्या जंगलातून एकटा पायी जातो आणि पुढं औरंगजेबाला फारसीत जफरनामा लिहितो, ज्यात रडगाणं औषधालासुद्धा नाही, तू कुराणाची शपथ मोडलीस असं तोंडावर सांगणं आहे. ही मधली जी चाल आहे ना, तिचा फोटो हवाय मला.

सरसा डिसेंबरात बघाल तर हसाल. पावसाळी नदी ती, घोटाभर पाणी, गोल गोटे, वाळलेल्या गाळाला भेगा आणि वाळूतून गेलेल्या ट्रॉलीच्या चाकोऱ्या. उभं राहून काढलेला फोटो म्हणजे कुठलाही ओढा. म्हणून ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवून कॅमेरा गोट्यांच्या उंचीवर आणला, तिथून तेवढंसं पाणीही समोरचा काठ तोडून टाकतं. दहा स्टॉपचा एनडी (उजेड अडवणारा काळा फिल्टर) लावला की १/३० सेकंदाचं एक्सपोजर अर्ध्या मिनिटावर जातं, वाहतं पाणी धुरासारखं होतं आणि गोटे तेवढे जागच्या जागी राहतात. ही फ्रेम जमलीय असं माझं मत.

माछीवाड्याचं मात्र अडलंय. जंगल आता नाहीच, गहू आहे आणि पॉपलरच्या सरळसोट रांगा, डिसेंबरात पार निष्पर्ण. धुक्यात त्या रांगा जबरदस्त दिसतात पण ते खरं आहे का असा प्रश्न पडतो. शिवाय कॅप्शन किती द्यावी आणि शेवटी नांदेडला नेमकं काय दाखवावं, यावरही बोला.

भटक्या जीव

खुर्ची टाकून बसलोय. फोटो लवकर टाका राव, नुसतं वाचून भूक चाळवते.

झूमलेन्स

विषय आवडला. धुक्याबद्दल दोन गोष्टी. कॅमेऱ्याचा मीटर धुक्याला फसतो, पांढऱ्याला तो राखाडी करून टाकतो, त्यामुळे +१ पर्यंत एक्सपोजर कॉम्पेन्सेशन द्यायला (म्हणजे फोटो जरा उजळ करायला) घाबरू नका, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजवीकडे सरकला तरी चालेल फक्त कापला जायला नको. आणि गरम खोलीतून थेट बाहेर काढला तर लेन्सला फारसं होत नाही, उलट गारठ्यातून आत आणलात की काच घामेजते, तेव्हा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करून मग आत आणा.

पंजाबात तेव्हा उजेड दिवसभर वापरण्यासारखा असतो ही मोठी सोय आहे. डिसेंबरअखेर सूर्य भर दुपारी जेमतेम ३५-३६ अंशांवर असतो, डोक्यावर येतच नाही. सावल्या लांब राहतात. धुकं का पडतं तर पाणी दिलेली ओली शेतं, वारा पडलेला आणि आभाळ मोकळं झालं की रात्री जमीन झपाट्याने थंड होते. म्हणजे पाऊस पडून गेल्यावर आभाळ उघडलं की दुसऱ्या पहाटे कॅमेरा घेऊन तयार राहायचं.

शंकेखोर

सगळं ठीक आहे पण एक सांगा, तो सरसेचा फोटो मला कॅप्शनशिवाय दाखवला तर मी काय समजायचं? गोटे आणि पाणी. उद्या तुम्ही मुळा नदीत काढलेला फोटो सरसा म्हणून लावलात तर कुणाला कळणार आहे? मग श्रद्धा फोटोत आहे की कॅप्शनमध्ये? मला तर हे "सिम्बॉलिक" वगैरे प्रकरण म्हणजे फोटो काहीच बोलत नाही म्हणून खाली चार ओळी लिहायची सोय वाटते. राग मानू नका.

उनाडवाट

राग कसला. कळणार कुणालाच नाही, खरंय. पण चंद्रभागेच्या वाळवंटाचा फोटो आणि कुठल्यातरी नदीच्या वाळूचा फोटो, दोन्हीत वाळूच असते, तरी वारकऱ्याला पहिल्यापुढं हात जोडावेसे वाटतात ते का? तीच जागा आहे ही खात्री फोटोचा अर्धा भाग असते. मुळेचा फोटो सरसा म्हणून लावणं हे म्हणूनच लबाडी ठरेल, नुसती चूक नाही. कॅप्शन हवी, फक्त ती भावना सांगणारी नको. "विरह", "बलिदान" असली नावं दिली की बघणाऱ्याचं काम आपणच करून टाकतो.

निवृत्त मास्तर

शंकेखोर यांचा प्रश्न जुना आहे आणि चांगला आहे. १८५५ साली रॉजर फेंटन नावाच्या इंग्रज फोटोग्राफरने क्रिमियाच्या युद्धात एक फोटो काढला, उजाड दरी, रस्ता आणि पसरलेले तोफगोळे, माणूस औषधाला नाही. त्याला नाव मिळालं "मृत्यूच्या छायेची दरी". हे शब्द बायबलच्या २३ व्या स्तोत्रातले, ज्यात भक्त म्हणतो की या दरीतून चालतानाही मी भिणार नाही कारण तू सोबत आहेस. म्हणजे युद्धाची जमीन आणि श्रद्धा यांची सांगड निव्वळ नावाने घातली गेली. तेव्हा कॅप्शन ही पळवाट म्हणता येत नाही, ती चित्राचाच अवयव असते.

आता गंमत ऐका. त्याच जागेचे त्याचे दोन फोटो आहेत, एकात गोळे रस्त्याकडेच्या चरात, दुसऱ्यात रस्त्यावरही विखुरलेले. कुठला आधीचा आणि गोळे मुद्दाम मांडले का यावर लोक अजून भांडतात. दीडशेच्या वर वर्षं होऊन गेली, फोटोबद्दल बोलणं निघालं की गोळ्यांवरच येऊन थांबतं. धागाकर्त्याने तलवार वगैरे काही मांडायची नाही असं ठरवलंय ते मला म्हणूनच पटलं.

शंकेखोर

मास्तर, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग मी तर म्हणेन मांडायचंच असेल तर उघड मांडा. चिखलात रोवलेली एक साधी कट्यार, एकच फ्रेम. संत आणि सिपाही दोन्ही एका चित्रात येतात की. नाहीतर सिपाही कुठंय तुमच्या मालिकेत?

उनाडवाट

कट्यार ठेवली की नजर कट्यारीवर, जमीन पडदा होऊन मागे जाते. आणि सिपाही शस्त्रातच शोधायचा असं कोण म्हणालं? जफरनाम्यात ते स्वतः म्हणतात की सगळे उपाय हरले की मग तलवारीला हात घालणं रास्त. म्हणजे तलवार शेवटी येते. मला त्याच्या आधीचं सगळं दाखवायचंय.

रानवाटा

पॉपलरबद्दल. ती झाडं प्लायवूड आणि काडेपेटीसाठी लावतात, अलीकडचं पीक आहे ते, गुरूंच्या वेळी तिथं असण्याचा प्रश्नच नाही. तेव्हाच्या त्या रानात जंड, कीकर, करीर असली काटेरी झाडं असणार. जंड म्हणजे आपली शमी! दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, पांडवांनी अज्ञातवासात जिच्यावर शस्त्रं ठेवली तीच. पंजाबात अजून शेताच्या बांधावर एखादं म्हातारं जंड दिसतं, वेडंवाकडं खोड, साल भेगाळलेली, आणि फांद्यांना धागे नाहीतर फडकी बांधलेली कारण लोक तोडत नाहीत. शस्त्रं उतरवून ठेवायचं झाड आणि एकटा पडलेला योद्धा, यापेक्षा वेगळं प्रतीक शोधत कशाला बसता?

उनाडवाट

रानवाटा, हे भारी आहे! शमी डोक्यातच आली नव्हती. पण पॉपलर मी काढणार नाही. दोन्ही ठेवतो. मला १७०४ चा देखावा उभा करायचा नाही, आजच्या जमिनीवर उभं राहून बघायचंय, आणि आज तिथं रांगेत लावलेली विकाऊ झाडं आहेत हेही त्या जमिनीचं सत्यच. फक्त पॉपलरला "जंगल" म्हणणार नाही.

नगरी पाटपाणी

जफरनामा निघालाच आहे तर आमच्याकडेही या. पत्र लिहिलं पंजाबात दीना गावी, पण बादशहा होता कुठं, तर दख्खनेत. भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग ते घेऊन अहमदनगरला (आता अहिल्यानगर) आले असं परंपरा सांगते, आणि १७०७ मध्ये औरंगजेब इथंच भिंगारला मेला. म्हणजे ते पत्र अख्खा उत्तर हिंदुस्तान आणि माळवा ओलांडून आमच्या बरड माळावर आलं. पत्राचा फोटो काढता येत नाही, पण ते निघालं ती जमीन आणि पोचलं ती जमीन, दोन फोटो शेजारी शेजारी. तिकडची सपाट गाळाची माती, इकडचा काळा खडक आणि उन्हाळ्यात करपलेलं गवत. मार्च-एप्रिलमध्ये या, माळ असा दिसतो की कुणाशी गोड बोलावंसं वाटणार नाही.

झूमलेन्स

क्या बात! जोडीच करायची तर दोन्हीकडे तीच लेन्स, तीच उंची, आणि क्षितिज फ्रेममध्ये अगदी त्याच रेषेवर ठेवा. शेजारी लावलं की क्षितिज एका फोटोतून दुसऱ्यात सलग जायला हवं. मधल्या कोऱ्या पट्टीत प्रवास आपोआप येतो.

दखनी सरदार

आत्तापर्यंत गप वाचत होतो. नांदेडचाच आहे, पिढ्यान् पिढ्या इथले. मेहनत दिसतेय, आणि माणूस न दाखवण्याचा निर्णय आमच्या घरातल्या मोठ्यांनाही आवडेल. पण एक तक्रार आहे आणि ती छोटी नाही.

तुमचं सगळं धुकं, थंडी, निष्पर्ण झाडं, राखाडी पाणी. हा शोक झाला हो. आमच्याकडे रोजची अरदास (प्रार्थना) संपते ती चढदी कला आणि सरबत दा भला मागून, म्हणजे मन कायम चढतं राहो आणि सगळ्यांचं भलं होवो. चार मुलं गेलेल्या माणसाच्या पंथाचं हे रोजचं मागणं आहे. फतेहगढ साहिबला, म्हणजे सरहिंदला धाकटे दोघे गेले तिथं, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शहीदी जोडमेळ असतो तेव्हा जाऊन बघा, त्या दिवसांत कित्येक लोक जमिनीवर झोपतात, घरात मंगलकार्य ठेवत नाहीत, दुःख आहेच, पण रस्त्यावर पावलापावलाला लंगर चालू असतो. तो उजेड तुमच्या एकाही फ्रेममध्ये नाही.

आणि तुम्ही प्रतीकं बाहेर कशाला शोधता? अकाल उस्तत या गुरूंच्याच रचनेत ती तयार आहेत. एका आगीतून कोट्यवधी ठिणग्या उडतात आणि पुन्हा त्याच आगीत मिळतात, एका धुळीतून अनेक कण उठतात आणि धुळीतच मिसळतात, एका नदीतून असंख्य लाटा उठतात आणि पाणीच म्हणवतात. आग, धूळ, पाणी. लँडस्केप वाल्याला अजून काय पाहिजे?

गोदाकाठी

सरदारजींना शंभर टक्के अनुमोदन. मीही नांदेडची, माहेर ऐन जुन्या गावातलं. दादा, नांदेड हा तुमच्या मालिकेचा शेवट करू नका, इथं काहीच संपलेलं नाही. १७०८ मध्ये इथंच गुरुपद ग्रंथसाहिबांकडे गेलं, आणि इथंच भेटलेल्या माधोदास बैराग्याला बंदासिंग करून पंजाबात पाठवलं. वाट इथून परत उत्तरेला वळते. सूर्यास्त वगैरे घेऊन आलात तर आम्ही हसू.

जागा सांगते, नगिना घाट. गोष्ट अशी की एका भाविकाने मौल्यवान नगिना भेट दिला आणि गुरूंनी तो सरळ गोदावरीत टाकला, तो चक्रावला, तर म्हणाले पाण्यात बघ, आणि बघतो तो नदीच्या तळाशी रत्नंच रत्नं. आता जुनं गाव उत्तर काठावर, म्हणजे घाटावर उभं राहिलं की तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडूनच फिरतो, त्यामुळे पाण्यावरचा उजेड थेट समोरून येतो आणि जरा वारा असला की अख्खी नदी चमकायला लागते. ती गोष्ट कुणाला का सुचली असेल ते तिथं सकाळी उभं राहिलं की कळतं.

फक्त दोन अडचणी. पाण्याची पातळी वरच्या विष्णुपुरी धरणाच्या हिशोबाने कमीजास्त होते, आणि जलपर्णी साचली असेल तर चमकायला पाणीच दिसत नाही, हिरवा गालिचा. आधी चौकशी करून निघा. घाटावर डोकं झाका, चपला बाहेर, आणि सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात कॅमेरा काढायच्या आधी सेवादारांना विचारा, ड्रोनचं तर नावच नको.

उनाडवाट

गोदाकाठी ताई, ही माहिती गुगलवर मिळाली नसती. नगिना घाट पक्का.

सरदारजी, तुमच्या तक्रारीवर बराच विचार केला. अर्धी मान्य, अर्धी नाही. धुकं म्हणजे शोकच असं मी धरत नाही, धुक्यात चार पावलांपुढचं दिसत नसताना चालणं हीही चढतीच की. चढदी कला म्हणजे पिवळ्या सरसोंचं शेत आणि निळं आभाळ असं केलं तर पुन्हा कॅलेंडरच. पण ठिणगी-धूळ-लाट हे तुम्ही दिलेलं फार मोठं आहे आणि त्याने मालिकेचा क्रमच बदलतोय. आधी गावांच्या क्रमाने लावणार होतो. आता सरसेचं पाणी आणि गोदावरीचं पाणी समोरासमोर, एकात वाहून गेलेलं आणि दुसऱ्यात चमकणारं. मध्ये मुक्तसर.

मुक्तसरबद्दल लिहायचं राहिलंच होतं. तेव्हाचं खिदराणा, कोरड्या मुलखातलं पाण्याचं तळं, आणि ज्याच्या ताब्यात पाणी त्याची लढाई, म्हणून तर झुंज तिथं झाली. आनंदपूरला वेढ्यात कंटाळून "आम्ही तुमचे शिष्य नाही" असं लिहून देऊन गेलेले चाळीस जण माई भागो नावाच्या बाईच्या पुढाकाराने परत आले आणि तिथं लढून पडले, आणि गुरूंनी तो कागद फाडून टाकला. या सगळ्या वाटेवर मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी जागा ही. क्षमा कशी दाखवायची? माझ्या डोक्यात फक्त कोरड्या शेतातलं एक तळं आहे, काठ तुडवलेला, जनावरांच्या खुरांचे ठसे, आणि पाण्यात सगळं आभाळ. ते ऐन दुपारी उघड्या उन्हात काढणार, तिथं धुकं नको. ही फ्रेम उजेडाची.

शंकेखोर

खुरांचे ठसे ठेवा. हे मी म्हणतोय, नोंद घ्या.

भटक्या जीव

शंकेखोर पटले, धागा वाचनखुणेत टाकलाय!

दखनी सरदार

धुक्यातलं चालणं हीही चढती, हे मान्य. मग एक अजून घ्या. सरसेच्या काठावर पाठीमागे फौज असताना, पहाटेची वेळ झाली म्हणून गुरू थांबले आणि आसा दी वार या पहाटे गायच्या बाणीचं कीर्तन झालं असं परंपरा सांगते. मागे शत्रू, पुढे पूर, आणि नित्यनेम चुकला नाही. तुम्ही सांगितलेला सरसेचा फोटो दिवसाचा वाटतो, एनडी लावावा लागला म्हणजे उजेड भरपूर होता. तो अमृतवेळेत काढायला पाहिजे, सूर्य उगवायच्या बराच आधी. आणि कॅप्शनचं विचारलंत ना, जागेचं नाव आणि वेळ, एवढंच लिहा. "सरसा, पहाट". ज्याला माहीत आहे त्याला पुरे, ज्याला नाही तो विचारेल.

उनाडवाट

"सरसा, पहाट". झालं, ठरलं. सगळ्यांना अशीच, जागा आणि प्रहर. माछीवाडा रात्रीच्या शेवटच्या प्रहरात, मुक्तसर दुपार, नगिना घाट सकाळ. सरसा पुन्हा काढतो. झूमलेन्स, त्या वेळी सेटिंग काय धरू?

झूमलेन्स

मग एनडी घरीच ठेव. तेवढ्या अंधुक उजेडात आयएसओ १०० आणि एफ/८ वर तसंही अर्ध्या मिनिटाच्या आसपास जाईल, कमी पडलं तर बल्ब मोडवर (शटर हवं तेवढा वेळ उघडं ठेवून) रिमोटने. फोकस अंधारात ऑटोवर शोधत बसेल, त्यामुळे जवळच्या गोट्यावर टॉर्च मारून फोकस कर आणि मॅन्युअलवर लॉक कर, टॉर्च बंद केल्याशिवाय शटर दाबू नकोस. व्हाइट बॅलन्स ऑटोवर मुळीच नको, पहाटेचा सगळा निळेपणा तो धुऊन काढतो, ५२०० केल्विनला बांधून ठेव. आणि ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नकोस, वाळूत पाय हळूहळू रुततात, सुरुवातीला दाबून घे.